सुई, रेकॉर्ड आणि कान

खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी घरे मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी येथील जुन्या पेठांत अजूनही उभी आहेत. एके काळी या घरांत मुंबईचा माल आगबोटीने येत असे. कापड, औषधे, छत्र्या आणि घड्याळे यांच्याबरोबर चावीचा ग्रामोफोन आला आणि त्याच्या रेकॉर्डही आल्या. पुढे रेडिओ आला, कॅसेट आली, मोबाइल आला. रेकॉर्ड मात्र माळ्यावरील पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या चोपड्यांच्या गठ्ठ्याशेजारी पडून राहिल्या. घराची डागडुजी निघते, ट्रंक खाली उतरते, आणि आजोबांनी जमवलेली ही गाणी ऐकण्याची इच्छा नव्या पिढीला होते. मोबाइलवर शोध घेताच सुटकेसच्या आकाराचे, रंगीत, स्पीकर आतच बसवलेले एक यंत्र समोर येते. किंमत थोडी, दिसायला देखणे आणि घरपोच मिळणारे. मागणी लगेच नोंदवली जाते.

ही घाई पुष्कळदा महागात पडते. अशा बहुतेक यंत्रांची सुई रेकॉर्डवर पाच ग्रॅमच्या आसपास भार टाकते; नीट बांधणीच्या टर्नटेबलची सुई दोन ते तीन ग्रॅमांवर काम करते. हा फरक तराजूत नगण्य असला, तरी सुईचे टोक केसाहूनही बारीक असते आणि सगळा भार त्या टोकावर येतो. पन्नास-साठ वर्षे जपलेली रेकॉर्ड जड भाराच्या किंवा झिजलेल्या सुईखाली पुन्हापुन्हा फिरली, की तिच्यातील तार सप्तकाचे स्वर कायमचे खरवडले जातात. गेलेला स्वर कोणत्याही दुरुस्तीने परत येत नाही.

या खरेदीत दोन गोष्टी अशा आहेत, की त्या पुन्हा विकत मिळत नाहीत. एक म्हणजे रेकॉर्डवरील खाच आणि दुसरी म्हणजे माणसाचा कान. यंत्र, वायर, हेडफोन हे सारे बिघडले तर बदलता येते. म्हणून हाताशी पैसा थोडा असेल, तेव्हा तो आधी या दोहोंच्या रक्षणासाठी खर्च करावा आणि उरलेल्यातून शोभा व सोय पाहावी. उलट क्रम लावला, तर नाकापेक्षा मोती जड होतो आणि नाकही जाते.

आधी मालाची मोजदाद

कोणताही व्यापारी शिल्लक माल मोजल्याशिवाय नवी खरेदी करत नाही. येथेही तोच नियम पाळावा. ट्रंकेतील प्रत्येक रेकॉर्ड हाती घेऊन तिच्या मध्यावरील कागदी चिठ्ठी वाचावी आणि गायकाचे नाव, गाणे, कंपनी, क्रमांक, फिरण्याचा वेग व अवस्था यांची एका वहीत नोंद करावी.

रेकॉर्ड मुख्यतः तीन प्रकारच्या निघतात. पहिला प्रकार मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जड, ठिसूळ रेकॉर्डचा. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून हा प्रकार भारतात रुजला. दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूस साधारण तीन मिनिटांचेच गाणे मावते. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांची नाट्यपदे घरोघरी पोचली ती याच रेकॉर्डवरून. दुसरा प्रकार ३३ १/३ फेऱ्यांच्या बारा इंची एल. पी.चा. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने तो आणला आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. तिसरा प्रकार ४५ फेऱ्यांच्या लहान, सात इंची रेकॉर्डचा. भावगीतांच्या काळात हा प्रकार विशेष लोकप्रिय होता. वेंगुर्ल्यात जन्मलेले कवी मंगेश पाडगावकर यांची गीते ज्या पिढीने ऐकली, तिच्या घरी असा लहान रेकॉर्डचा एखादा संच सापडणे अगदी शक्य आहे.

७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डबाबत जैन वाचकांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. त्या लाख आणि खनिज भुकटी यांच्या मिश्रणातून दाबून काढलेल्या असत, आणि लाख हा कीटकांपासून मिळणारा पदार्थ आहे. एल. पी. आणि लहान रेकॉर्ड मात्र विनाइल या प्लास्टिकच्या असतात. वडिलोपार्जित रेकॉर्ड जपणे आणि लाखेच्या जुन्या रेकॉर्ड नव्याने विकत घेणे या दोन गोष्टींत ज्याला भेद करावयाचा असेल, त्याला ही माहिती उपयोगी पडेल.

मोजदाद झाल्यावर एक प्रश्न मोकळेपणाने विचारावा. यांपैकी किती गाणी आज मोबाइलवर सहज मिळतात? सर्वच मिळत असतील आणि रेकॉर्ड मोजक्याच असतील, तर टर्नटेबल घेतलेच पाहिजे असे नाही. रेकॉर्ड नीट जपून ठेवाव्यात आणि फक्त चांगला हेडफोन घ्यावा. कमी पैशात अधिक चांगला आवाज देणारी खरेदी तीच ठरते. मात्र नोंदवहीत अशी गाणी आढळली, की जी शोधूनही कोठे मिळत नाहीत, तर त्या रेकॉर्डचे मोल वेगळेच आहे. मग टर्नटेबलचा विचार अवश्य करावा.

खाचेला शोभेल अशी सुई

सिंधुदुर्गाच्या दक्षिणेस गोव्यातील केरी हे केसरबाई केरकरांचे गाव. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक रेकॉर्ड ठेवली आणि भारतातर्फे तिच्यावर केसरबाईंची भैरवी घेतली. त्या शास्त्रज्ञांनी नुसती रेकॉर्ड पाठवली नाही. तिच्याबरोबर कार्ट्रिज आणि सुई दिली आणि ती कशी लावावी, याची चित्रे वेष्टनावर कोरली. योग्य सुईवाचून रेकॉर्ड मुकी असते हे त्यांना ठाऊक होते. घरच्या खरेदीतही पहिला विचार सुईचाच असावा.

७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डची खाच रुंद असते. तिला साधारण ६५ ते ७५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे चौदावा भाग, इतक्या जाड टोकाची सुई लागते. एल. पी.ची खाच अतिशय बारीक असल्याने तिच्या साध्या सुईचे टोक १८ मायक्रॉनच्या आसपास असते. बारीक सुई ७८च्या रुंद खाचेत घातली, तर ती तळाशी घसरत राहते. स्वरापेक्षा खरखर अधिक ऐकू येते. जाड सुई एल. पी.वर ठेवली, तर खाचेच्या कडा बिघडतात. चावीच्या जुन्या ग्रामोफोनवर तर एल. पी. कधीही लावू नये. त्याचा पोलादी सुईचा जड डबा रेकॉर्डवर शंभर ग्रॅमांहून अधिक भार टाकतो. एकदा वाजवल्यानेही नाजूक विनाइल कामातून जाते.

म्हणून टर्नटेबल निवडताना पुढील चार प्रश्न दुकानदाराला विचारावेत. सुई निघते व बदलता येते का? तीच सुई दोन-तीन वर्षांनी सुटी मिळेल का, आणि किती रुपयांना? सुईचा भार किती आहे? यंत्र ७८ फेरे देते का? यातील दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. सुई ही झिजणारी वस्तू आहे. साध्या गोल टोकाची सुई सुमारे ५०० तास आणि लंबगोल टोकाची ३०० तासांच्या आसपास चालते, असे उत्पादक सांगतात. रोज एक एल. पी. ऐकणाऱ्या घरात दोन वर्षांच्या आतबाहेर सुई बदलण्याची वेळ येते. ज्या यंत्राची सुई बाजारात मिळत नाही, ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. सुटा भाग न मिळणारा माल दुकानात भरू नये, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

उदाहरण म्हणून ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीची दोन यंत्रे पाहता येतील. ‘एल. पी. ६० एक्स’ हे तिचे साधे, पट्ट्यावर फिरणारे, स्वयंचलित यंत्र. बटण दाबले की हात आपोआप रेकॉर्डवर उतरतो आणि बाजू संपली की परत येतो. हात थरथरणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. मात्र ते ३३ आणि ४५ फेरेच देते. ७८ देत नाही. ‘एल. पी. १२० एक्स’ तिन्ही वेग देते, पण त्याची किंमत बरीच अधिक आहे आणि हात स्वतः उचलून ठेवावा लागतो. ट्रंकेत केवळ विनाइल असेल, तर पहिल्या प्रकारचे यंत्र पुरे. ७८च्या रेकॉर्ड बऱ्याच असतील, तर दुसऱ्या प्रकारचे यंत्र आणि त्याला ७८ची वेगळी सुई असा हिशेब धरावा. या किंवा अशाच जातीच्या अन्य कंपन्यांच्या यंत्रांची याच चार प्रश्नांवर तुलना करता येते.

जुने वापरलेले टर्नटेबल मुंबईहून स्वस्तात मिळते, हे खरे. परंतु त्यातील रबराचे भाग काळानुसार कडक होतात, वेग डळमळतो आणि दुरुस्ती जाणणारा कारागीर जवळपास असतोच असे नाही. घरात कोणी जाणकार नसेल, तर पक्के बिल व हमी असलेले नवे साधे यंत्र अधिक सुरक्षित होय.

हेडफोन कोठे लावायचा?

खरेदी घरी आल्यावर अनेकांची फसगत होते ती येथे. टर्नटेबल आले, हेडफोन आला, पण दोहोंना जोडायचे कसे हेच कळत नाही. बहुतेक टर्नटेबलांना हेडफोनसाठी छिद्रच नसते.

सुईतून निघणारी वीज अत्यंत क्षीण, म्हणजे व्होल्टच्या चार-पाच हजारांश इतकी असते. शिवाय रेकॉर्ड तयार करताना खर्जाचे स्वर दाबलेले आणि तीव्र स्वर वाढवलेले असतात. ऐकताना ही क्रिया उलटी करावी लागते. १९५० च्या दशकात ठरलेला ‘आर. आय. ए. ए.’ हा मानदंड त्याचसाठी आहे. हे काम फोनो प्रीअ‍ॅम्प करतो. तो सुमारे शंभर पटींनी आवाज वाढवतो आणि स्वरांचा तोल पूर्ववत करतो. अनेक साध्या टर्नटेबलांत तो आतच बसवलेला असतो. तसा असल्यास वेगळा घेण्याची गरज नाही.

तरीही प्रीअ‍ॅम्पमधून निघणारा आवाज हेडफोन चालवण्यास पुरत नाही. त्यासाठी हेडफोनचा लहान अ‍ॅम्प्लिफायर लागतो, किंवा हेडफोनचे छिद्र असलेला स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर अथवा स्पीकर चालतो. मोबाइलला लावायचा यू. एस. बी. चिमुकला येथे उपयोगाचा नाही, कारण त्यात टर्नटेबलची वायर खोचण्यास जागा नसते. अ‍ॅम्प्लिफायर घेताना त्याला मागील बाजूस लाल-पांढरी छिद्रे आहेत का, एवढे अवश्य पाहावे.

घरातील ज्येष्ठांना वायरींचा गुंता नको असेल, तर ब्लूटूथ असलेले टर्नटेबल आणि ब्लूटूथ हेडफोन हा मार्गही आहे. आवाजाची थोडी हानी होते, पण सोयीच्या मानाने ती सोसण्याजोगी असते. सुईचा आणि भाराचा नियम मात्र तेथेही तोच.

दोन छोट्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. टर्नटेबलला पृथ्वीची, म्हणजे अर्थिंगची, बारीक वायर असेल तर ती अ‍ॅम्प्लिफायरच्या खिळ्याला जोडावी. न जोडल्यास सतत घरघर ऐकू येते. आणि ७८च्या रेकॉर्ड ऐकताना अ‍ॅम्प्लिफायरवर ‘मोनो’ची कळ असल्यास ती दाबावी. त्या रेकॉर्ड एकाच वाहिनीच्या असल्याने स्वर तसाच राहतो आणि खरखर पुष्कळ कमी होते.

पावसाच्या घरातील हेडफोन

हेडफोन आणि रेकॉर्ड यांचे नाते जुने आहे. १९५८ साली जॉन कॉस यांनी अमेरिकेत रेकॉर्ड वाजवण्याचे एक सुटसुटीत यंत्र बाजारात आणले. त्याच्या जोडीला म्हणून स्टिरिओ हेडफोन दिला. यंत्र विस्मृतीत गेले आणि हेडफोन तेवढा जगभर पसरला. थोड्या पैशात उत्तम आवाज हवा असेल, तर आजही हेडफोनइतका लाभाचा सौदा नाही. जो आवाज स्पीकरमधून मिळवण्यास अनेक पट खर्च येतो, तो मध्यम किमतीच्या हेडफोनमधून मिळतो. शिवाय घरात कोणी सामायिकात बसले असेल, मुले अभ्यास करत असतील किंवा खाली दुकानात गिऱ्हाईक असेल, तरी कोणाला त्रास होत नाही.

कोकणातील घरासाठी हेडफोन निवडताना मात्र शहरातील सल्ला तसाच उचलून चालत नाही. उघड्या पाठीचा हेडफोन अधिक मोकळा, नैसर्गिक आवाज देतो, असे जाणकार सांगतात आणि ते योग्यच आहे. पण आषाढात कौलांवर किंवा पत्र्यावर पाऊस कोसळू लागला, की तो सारा आवाज उघड्या पाठीतून आत येतो. मग गाणे ऐकू यावे म्हणून आवाज वाढवला जातो, आणि धोका तेथेच सुरू होतो. म्हणून अशा घरात कान पूर्ण झाकणारा, बंद पाठीचा हेडफोन बरा.

त्याच्या गाद्यांकडेही नीट पाहावे. स्वस्त हेडफोनवरील कृत्रिम चामडे दमट हवेत दोन-तीन पावसाळ्यांत सोलवटून काळे तुकडे सोडू लागते. गाद्या काढता व बदलता येतील असाच हेडफोन घ्यावा. कापडी गाद्यांनी घामही कमी येतो. काही महाग हेडफोनच्या गाद्या खऱ्या कातड्याच्या असतात. ते वर्ज्य मानणाऱ्या कुटुंबांनी खरेदीपूर्वी तपशील वाचून घ्यावा.

हेडफोनच्या खोक्यावर ‘ओहम’ असा एक आकडा असतो. तो ३० ते ६० च्या दरम्यान असेल, तर साधा अ‍ॅम्प्लिफायर सहसा पुरतो. २५० किंवा ३०० ओहमचे हेडफोन उत्तम असले, तरी त्यांना समर्थ अ‍ॅम्प्लिफायर लागतो आणि खर्च वाढत जातो. थोड्या पैशाच्या खरेदीत त्यांच्या वाटेला न जाणे शहाणपणाचे.

आता कानाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज प्रौढ व्यक्तीने आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. आवाज ९० डेसिबलवर गेला, की ही मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. दहाच आकड्यांनी आवाज वाढवला आणि वेळ दहापट घटला, असा हा व्यवहार आहे. मोबाइल आवाजाची सूचना देतो; टर्नटेबल आणि अ‍ॅम्प्लिफायर देत नाहीत. म्हणून घरगुती कसोटी लावावी. हेडफोन लावलेला असताना हातभर अंतरावरील माणसाला ओरडून बोलावे लागत असेल, किंवा हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत असेल, तर आवाज नक्कीच अधिक आहे. आतील कानाच्या ज्या सूक्ष्म पेशी आवाजाने मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. श्रवणयंत्र वापरणाऱ्या आजी-आजोबांसाठी हेडफोन घेताना त्यांच्या कानाच्या तज्ज्ञांना आधी विचारावे.

आणखी एक सूचना. एकाच छिद्राला दोन हेडफोन जोडणारी लहान पिन थोड्या रुपयांत मिळते. आजोबा आणि नात एकच गाणे एकाच वेळी ऐकू शकतात. ग्रामोफोनभोवती सारे घर बसत असे. हेडफोनमुळे ती सोबत अगदीच तुटू नये.

ओल, धूळ आणि वीज

जून ते सप्टेंबर या काळात सिंधुदुर्गातील हवेतील ओलावा बहुधा ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असतो. जगभरचे ध्वनिसंग्रह मात्र रेकॉर्डसाठी निम्म्याच्या आसपास ओलावा राखण्याचा प्रयत्न करतात. घरात तेवढे साधणे कठीण असले, तरी बरेच काही करता येते. रेकॉर्ड नेहमी पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात वा तडकतात. पावसाचा मारा लागणाऱ्या भिंतीपासून आणि जमिनीपासून कपाट दूर असावे. जुनी कागदी पाकिटे ओल धरतात, म्हणून आत प्लास्टिकचे मऊ अस्तर असलेली नवी पाकिटे घ्यावीत. बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. उन्हात मात्र रेकॉर्ड वाळवू नयेत. विनाइल उन्हाने पापडासारखे वाकते.

धान्य, पापड, मसाले यांना पावसाळ्यात बुरशी येऊ नये म्हणून जैन घरांत जी यतना पाळली जाते, तीच रेकॉर्डच्या कामी येते. बुरशी आल्यावर पुसण्यापेक्षा ती उत्पन्नच होऊ न देणे हिताचे, आणि अहिंसेलाही तेच धरून आहे.

स्वच्छतेत एक चूक टाळलीच पाहिजे. लाकडाला लावायचे लाखेचे पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळवून करतात, हे अनेकांना माहीत असते. ७८ची रेकॉर्डही लाखेची. तिला स्पिरिट, सॅनिटायझर किंवा अल्कोहोल असलेला कोणताही द्राव लावला, तर तिचा पृष्ठभागच विरघळू लागतो. तिला किंचित ओलसर, मऊ कापड पुरे, आणि लगेच कोरडे करावे. विनाइलला डिस्टिल्ड पाणी आणि सौम्य साबणाचा एखादा थेंब चालतो. कापड नेहमी खाचेच्या दिशेने, गोल फिरवावे. मधली चिठ्ठी भिजू देऊ नये. जांभ्याची तांबडी धूळ बारीक वाळूसारखी घासते, म्हणून प्रत्येक वेळी सुई ठेवण्यापूर्वी रेकॉर्डवरून ब्रश फिरवण्याची सवय लावावी.

टर्नटेबलची जागाही विचारपूर्वक ठरवावी. लाकडी तक्तपोशीच्या माळ्यावर कोणी चालले की सुई उडते. जांभ्याच्या जाड भिंतीतील कोरडा कोनाडा, किंवा भिंतीत पक्की बसवलेली फळी, ही उत्तम जागा होय. यंत्र पाणसळीने समपातळीत आहे ना, हे पाहावे.

वीज हा कोकणचा तिसरा प्रश्न. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने या किनाऱ्यावर विजेचे खांब आडवे केले, हे येथील लोक विसरलेले नाहीत. तेवढे संकट नेहमी येत नसले, तरी वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात. ऐकणे संपले की बटण बंद करून न थांबता पिन भिंतीतून काढून ठेवावी. लाट रोखणारा एक चांगला एक्स्टेंशन बोर्ड घ्यावा. विजांच्या दिवसांत मात्र पिन काढणे हाच खरा उपाय.

तीस हजारांचा हिशेब

भाव शहर, सण आणि आयात यांनुसार बदलतात. म्हणून आकड्यांपेक्षा प्रमाण लक्षात ठेवावे. समजा, एकूण ३०,००० रुपये बाजूला काढले आहेत. त्यांपैकी साधारण १७,००० ते १८,००० रुपये प्रीअ‍ॅम्पसह टर्नटेबलसाठी धरावेत. ५,००० ते ६,००० रुपयांत बंद पाठीचा, बदलत्या गाद्यांचा हेडफोन पाहावा. ३,००० रुपयांच्या आसपास हेडफोनचा साधा अ‍ॅम्प्लिफायर. उरलेले ३,००० ते ४,००० रुपये ब्रश, पाकिटे, सिलिका जेल, विजेचा बोर्ड आणि पुढच्या सुईची तरतूद यांसाठी राखून ठेवावेत. शेवटची रक्कम लोक बहुधा विसरतात, आणि रेकॉर्ड वाचतात त्या याच रकमेने.

एकूण पैसा याहून कमी असेल, तर यंत्राचा दर्जा खाली आणू नये. खरेदीचे टप्पे करावेत. पहिल्या वर्षी रेकॉर्डची नोंद, पाकिटे आणि कपाट. त्याबरोबर हेडफोन, कारण तो मोबाइललाही चालतो. दुसऱ्या वर्षी टर्नटेबल. ७८च्या रेकॉर्ड थोड्याच असतील, तर त्यांच्यासाठी यंत्र न घेता, योग्य सुई बाळगणाऱ्या एखाद्या संग्राहकाकडून त्यांची संगणकावर एकदाच नक्कल करून घ्यावी. मग मूळ रेकॉर्ड विश्रांती घेते आणि गाणे सर्व भावंडांच्या घरी पोचते, मग ती पुण्यात असोत की परदेशात.

या सर्वांत एक काम असे आहे, की ज्याला जवळजवळ पैसा लागत नाही आणि ज्याला पुढच्या वर्षाची वाट पाहता येत नाही. माळ्यावर आडव्या रचलेल्या रेकॉर्ड खाली आणून, कोरड्या कापडाने पुसून, सुक्या कपाटात उभ्या ठेवणे. यंत्राची निवड सावकाश होऊ द्यावी. हे काम मात्र मृगाच्या आत उरकावे.